अम्मीचे कान वाजतात

गेल्या वर्षी रमजानच्या पहिल्याच आठवड्यात आमच्या लक्षात आलं. तरावीहनंतर घर झोपलं की अम्मी उठून स्वयंपाकघरात जायची, एक्झॉस्ट फॅन लावायची आणि त्याच्याखाली पाटावर बसून राहायची. सेहरीला अजून तीन-चार तास असायचे. विचारलं तर म्हणायची, "काही नाही रे, रातकिडे फार ओरडतायत." आम्ही खिडकी उघडून कान दिला. बाहेर चिटपाखरू नव्हतं. मग आम्ही भावंडं जे बोलायला नको होतं तेच बोलून गेलो, "अम्मी, तुझे कान वाजतायत."

मराठीत कान वाजणं म्हणजे नसलेलं ऐकू येणं. उर्दूतही 'कान बजना' तसंच वापरतात. बोलणारा हसत बोलतो, ऐकणाऱ्याला मात्र आपण खोटे ठरलो असं वाटतं. त्यानंतर महिनाभर अम्मीने त्या आवाजाचं नाव काढलं नाही. झोप गेली, चिडचिड वाढली, शेजारच्या लग्नाला गेली ती अर्ध्यातून परत आली. ईदनंतर एका रात्री ती आमच्या धाकट्या बहिणीला म्हणाली, "यापेक्षा ठार बहिरी झाले असते तर बरं." तेव्हा कुठे आम्ही जागे झालो.

उपाय सुचवणाऱ्यांची कमी नव्हती. एका खालांनी लसूण कढवून तेल आणून दिलं. कुणी म्हणालं, असर आहे, दम केलेलं पाणी पाजा. अम्मीने कुणाला दुखावलं नाही, पण आम्हाला बाजूला घेऊन म्हणाली, "दुआ तर मी रोजच करते. तुम्ही मला डॉक्टरकडे न्या."

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी कान तपासला. मळ नव्हता, पडदा शाबूत होता. मग काचेच्या खोलीत बसवून ऑडिओमेट्री झाली. खालचे, मध्यम सूर तिला ठीक ऐकू येत होते, पण बारीक, उंच सूर दोन्ही कानांना कमी येत होते, आणि डाव्या कानाला आणखी कमी. आवाजही डावीकडेच जास्त. दोन्ही कानांत असा फरक असला की एकदा एमआरआय करून घ्यावा लागतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. ऐकण्याच्या आणि तोल सांभाळण्याच्या नसेवर क्वचित एक साधी, कर्करोग नसलेली गाठ वाढते. ती नाही ना, एवढंच बघायचं होतं.

रिपोर्ट आला. गाठ नाही, मेंदू वयाच्या मानाने उत्तम. आम्ही अल्हम्दुलिल्लाह म्हणून मोकळे झालो. अम्मीचा चेहरा मात्र उतरला. "सगळं नॉर्मल?" तिने दोनदा विचारलं. "म्हणजे फोटोत काही आलंच नाही. मग आता तुम्ही म्हणणार, अम्मी उगाच बोलते."

तिच्या या एका प्रश्नाचं उत्तर शोधताना आम्ही जे वाचलं, डॉक्टरांना आणि ऑडिओलॉजिस्टना जे विचारलं, ते इथे मांडतो आहोत. कारण अशी अम्मी, अशी नानी, असे अब्बा पुष्कळ घरांत आहेत. २०२२ साली जगभरातल्या पाहण्या एकत्र करून एक हिशेब मांडला गेला. त्यानुसार प्रौढांपैकी सुमारे १४ टक्के लोकांना, म्हणजे ७४ कोटींहून अधिक माणसांना हा आवाज कधी ना कधी येतो. त्यातल्या १२ कोटींहून अधिक जणांना तो मोठा त्रास वाटतो. इंग्रजीत याला टिनिटस म्हणतात, मराठीत कर्णनाद, अरबीत तनीन. इब्ने सीनांनी हजार वर्षांपूर्वी 'अल-कानून'मध्ये कानाच्या विकारांत त्याची दखल घेतली आहे. बीथोव्हन या जर्मन संगीतकाराने १८०१ मध्ये मित्राला पत्रात कळवलं होतं की आपले कान दिवसरात्र गुणगुणत असतात. आजार जुना आहे, आणि थोर माणसांनाही सुटलेला नाही.

कान गप्प, मेंदू बोलका

आपल्या आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी वळलेली एक नळी असते, तिला कॉक्लिया म्हणतात. तिच्यात सूक्ष्म केसांच्या पेशी असतात, प्रत्येक कानात साधारण १५ हजार. बाहेरचा आवाज या केसांना हलवतो आणि त्याचा संदेश नसेवाटे मेंदूकडे जातो. वयाने, सततच्या गोंगाटाने, काही औषधांनी या पेशी मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. उंच सुरांच्या पेशी आधी जातात. मेंदूचा तेवढा भाग मग बातमीची वाट बघत बसतो.

ज्यांच्या घरी जुना रेडिओ होता त्यांना पुढचं लगेच समजेल. स्टेशन नीट लागत नसलं की आपण आवाजाचं बटण फिरवत नेतो. गाणं येत नाही, पण खरखर मोठी होते. मेंदूही असंच बटण फिरवतो, आणि त्याची स्वतःचीच खरखर त्याला ऐकू येऊ लागते, असं बहुतेक संशोधक मानतात. मधुमेहाने पाय कापावा लागलेल्या माणसाला नसलेल्या बोटांना खाज सुटते, ते आपल्यापैकी अनेकांनी घरात पाहिलं असेल. हा त्याचाच भाऊ.

खरखर सगळ्यांच्याच मेंदूत थोडीफार असते. १९५३ मध्ये हेलर आणि बर्गमन या दोघांनी अमेरिकेत ऐकणं चांगलं असलेल्या ८० लोकांना एकेक करून पूर्ण नि:शब्द खोलीत बसवलं आणि काय ऐकू येतं ते लिहायला सांगितलं. ९४ टक्के लोकांनी काही ना काही ऐकलं, शिटी, गुणगुण, भुंगा. आम्हीही रात्री धान्याच्या कोठीत दार लावून बसून पाहिलं. आमच्यापैकी दोघांना बारीक 'ईऽऽ' ऐकू आलं. बाहेर येऊन आम्ही अम्मीला तसं सांगितलं. त्या रमजाननंतर ती पहिल्यांदा आमच्यावर हसली.

आणि तिचं ते "बहिरी झाले असते तर"? त्याचं उत्तरही आम्हाला मिळालं. नसेवरची गाठ काढताना ज्यांची ऐकण्याची नसच कापली जाते, त्यांच्यातल्या पुष्कळांना त्या ठार बहिऱ्या कानात आवाज येतच राहतो, काहींचा वाढतोही. आवाज कानात बनत असता तर तार तोडल्यावर तो थांबायला हवा होता.

मशीनला काय दिसतं

इथे एक घोळ आम्हाला फार उशिरा उमगला. दवाखान्यातला साधा एमआरआय म्हणजे घराचा फोटो. भिंती कुठे, खांब कुठे, तडा गेलाय का, ते त्यात दिसतं. घरात कोण बोलतंय ते फोटोत येत नाही. त्यासाठी संशोधक वेगळी यंत्रं किंवा वेगळी रीत वापरतात. फंक्शनल एमआरआयमध्ये मेंदूच्या कोणत्या भागात रक्ताचा ओघ वाढला ते मोजतात. पेट स्कॅनमध्ये किंचित किरणोत्सारी द्रव्य नसेतून देऊन तेच काम होतं. एमईजी नावाच्या यंत्रात पेशींच्या विजेमुळे निर्माण होणारं अतिशय क्षीण चुंबकत्व टिपतात. घराच्या फोटोऐवजी विजेचं मीटर वाचावं, तसं हे आहे. अम्मीचा रिपोर्ट नॉर्मल आला याचा अर्थ भिंती शाबूत आहेत. कुठला दिवा रात्रभर जळतोय, हे त्या तपासणीने कुणी विचारलंच नव्हतं.

दिवे बघणंही सोपं नाही. एमआरआयमधून बाहेर आल्यावर अम्मी काय म्हणाली होती? "मशीनने एवढी ठकठक केली की माझा आवाज ऐकूच आला नाही. वीस मिनिटं बरी गेली." आम्ही तेव्हा हसण्यावारी नेलं. पण कानातला आवाज शोधायला निघालेल्या संशोधकांची हीच तर पंचाईत आहे. यंत्र स्वतः घण मारल्यासारखं वाजतं, आणि त्याच्या पोटात झोपवून मेंदूला विचारायचं की तुला शांततेत काय ऐकू येतं! म्हणून ते मध्ये मध्ये यंत्र थांबवून मोजतात, किंवा मुकी यंत्रं वापरतात. दुसरी अडचण अशी की हा आवाज चोवीस तास चालू. चालू असतानाचा आणि बंद असतानाचा मेंदू शेजारी ठेवून बघावा, तर बंद करायचं बटणच नाही.

ती अडचण अमेरिकेतल्या बफेलो शहरात अॅलन लॉकवुड, रिचर्ड साल्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या युक्तीने सोडवली. काही लोकांचा आवाज जबडा आवळला की कमीजास्त होतो. असे चार रुग्ण त्यांनी शोधले आणि पेट स्कॅनखाली त्यांना जबडा आवळायला सांगितलं. १९९८ मध्ये हे काम छापून आलं. आवाज एका कानात येत होता, आणि तो बदलला की मेंदूच्या एकाच, विरुद्ध बाजूच्या श्रवणकेंद्रात फरक पडत होता. त्याच कानाला बाहेरून खरा सूर ऐकवला की मात्र दोन्ही बाजू जाग्या होत. कान जर हा आवाज बनवत असता, तर तो खऱ्या आवाजाच्याच वाटेने गेला असता आणि दोन्ही बाजू उजळल्या असत्या. शिवाय आठवणी आणि भावना सांभाळणाऱ्या भागांशी या आवाजाची जोडणी असल्याच्या खुणा त्यांना दिसल्या. हे वाचून दाखवत असतानाच अम्मीने दात आवळून पाहिले. "अरे, वाढतो की!" म्हणाली. आपल्यासारखे लोक बफेलोत आहेत आणि त्यांच्यासाठी कुणी यंत्र लावून बसलं होतं, याचंच तिला अप्रूप वाटलं.

त्याच वर्षी जर्मनीतल्या कॉन्स्टान्झ इथल्या गटाने एमईजी वापरून आणखी एक गोष्ट मांडली. मेंदूच्या श्रवणकेंद्रात सुरांचा एक नकाशा असतो, पेटीच्या पट्ट्यांसारखा खालून वर लावलेला. टिनिटसच्या १० रुग्णांत हा नकाशा आपल्या जागेवरून सरकलेला दिसला, आणि जितका जास्त सरकला तितका त्रास जास्त. ही कल्पना फार गाजली. पण २०१२ मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या संशोधकांनी ऐकणं जवळपास चांगलं असूनही टिनिटस असलेल्या लोकांचे नकाशे तपासले, आणि ते जागच्या जागीच निघाले. म्हणजे नकाशा सरकल्याशिवायही आवाज येऊ शकतो.

असं या विषयात वारंवार झालं आहे. २००६ मध्ये म्युनिकच्या गटाने २८ रुग्ण आणि २८ निरोगी लोकांचे स्कॅन ताडून पाहिले. रुग्णांच्या मेंदूत खोलवर, भावनांशी संबंधित एका जागी करडा भाग थोडा कमी आढळला. हा भाग नको असलेला आवाज दारातच अडवणारा दारवान असावा, असा तर्क त्यांनी केला. नंतरच्या काही अभ्यासांत तो फरक सापडला नाही, काहींत तो टिनिटसपेक्षा कमी ऐकू येण्याशीच जोडलेला निघाला. २०१० मध्ये बॉस्टनच्या एका गटाने दाखवलं की रुग्णांच्या मेंदूत दिसणारी बरीचशी जादा हालचाल टिनिटसची नसून मोठा आवाज सहन न होण्याची असते. हे दोन्ही विकार अनेकदा एकाच माणसात नांदतात. आमच्याकडेही तेच. स्टीलचं ताट पडलं की अम्मी दोन्ही कान झाकते.

म्हणून दर दोन-चार वर्षांनी 'कानातल्या आवाजाचं कारण सापडलं' अशी बातमी येते तेव्हा आम्ही आता पहिल्यांदा बघतो की माणसं किती तपासली. दहा, अकरा, अठ्ठावीस. संशोधनाची सुरुवात अशीच होते, त्यात गैर काही नाही. पण या सगळ्यात दोन गटांच्या सरासरीतला फरक दिसतो. एका माणसाचा स्कॅन हातात घेऊन 'याला टिनिटस आहे' असं सांगता येईल, अशी तपासणी आजही दवाखान्यात नाही. कुणी तुम्हाला टिनिटस पकडणारा ब्रेन स्कॅन विकत असेल, तर पैसे खिशात ठेवा.

मामूंचं इंजिन

आता आमच्या मामूंची गोष्ट. अम्मीचे थोरले भाऊ. कोकणातल्या आपल्या किती तरी घरांसारखे तेही जहाजावर गेले, तेवीस वर्षं इंजिन रूममध्ये काढली. तिथला आवाज शंभर डेसिबलच्या वर, आणि त्या काळी कानावर घालायला काही मिळालं तरी कोण घालत होतं? अम्मीचं कळल्यावर ते भेटायला आले, सगळं ऐकून घेतलं आणि सहज बोलले, "हां, येतो ना. माझंपण इंजिन चालूच असतं. तीस वर्षं झाली."

आम्ही थक्क झालो. तीस वर्षांत एकदाही बोलले नव्हते. झोप? उत्तम. नमाजेत? "सुरुवातीला लक्ष जायचं. आता विचारलंत म्हणून आठवलं."

आम्ही दोघांनाही ऑडिओलॉजिस्टकडे नेलं. हेडफोनमधून वेगवेगळे सूर ऐकवून 'तुमच्या आवाजासारखा कोणता' हे त्या जुळवून बघतात. अम्मीचा आवाज तिला ऐकू येणाऱ्या सर्वांत हलक्या सुरापेक्षा जेमतेम पाच डेसिबलने मोठा निघाला. मामूंचा थोडा जास्तच. अम्मी दुखावली, "एवढासाच?" त्या बाईंनी तिचा हात धरून सांगितलं की बहुतेकांचा असाच निघतो, आणि आवाज किती मोठा यावरून त्रास किती हे ठरतच नाही.

मग कशावरून ठरतं? मेंदूच्या स्कॅननी आतापर्यंत आपल्यासाठी सर्वांत कामाचं काही सांगितलं असेल तर ते इथे. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात प्राध्यापक फातिमा हुसैन आणि त्यांचे विद्यार्थी बरीच वर्षं हाच शोध घेत आहेत. २०१५ च्या एका अभ्यासात त्यांनी टिनिटसचा फारसा त्रास नसलेले आणि खूप त्रास असलेले असे दोन गट घेतले. फंक्शनल एमआरआयमध्ये त्यांना आनंदाचे, दु:खाचे, साधे असे आवाज ऐकवले. ज्यांना त्रास कमी, त्यांच्या मेंदूचा पुढचा भाग, कपाळामागचा, अधिक कामाला लागलेला दिसला. हा भाग भावनांना लगाम घालतो. ज्यांना त्रास जास्त, त्यांच्यात अमिग्डला, म्हणजे भीती आणि धोक्याची घंटा वाजवणारा बदामाएवढा भाग, अधिक जागा होता. याच अभ्यासात जे लोक अंगमेहनत, चालणं, व्यायाम जास्त करत, त्यांना त्रास कमी असल्याचंही दिसलं. चालण्याने त्रास घटतो की त्रास कमी असलेलेच जास्त चालतात, हे यावरून पक्कं होत नाही. पण चालण्याला पैसे पडत नाहीत.

२०१७ मध्ये त्यांच्याच गटाने आणखी एक गोष्ट मांडली. आपण काही न करता नुसते बसलेले असतो तेव्हा मेंदूत विसाव्याचं एक जाळं चालू असतं. लक्ष देण्याचं जाळं निराळं. मेंदूच्या मागच्या बाजूला प्रिक्युनिअस नावाचा भाग आहे, तो एरवी विसाव्याच्या जाळ्याशी बांधलेला असतो. टिनिटस जुना झालेल्या लोकांत ही गाठ सैल पडलेली आणि लक्ष देणाऱ्या जाळ्याशी असलेली गाठ घट्ट झालेली दिसली. म्हणजे ही माणसं डोळे मिटून पडलेली असतानाही त्यांचा मेंदू नीट विसावत नसावा. अम्मी म्हणायची, "मी काही न करता दमते." आम्हाला वाटायचं, वय झालं.

आवाज मेंदूत किती पसरलेला असतो, याची झलक २०१५ मध्येच एका वेगळ्या वाटेने मिळाली. अमेरिकेत आयोवा इथे पन्नाशीतल्या एका गृहस्थांच्या मेंदूत फिट्सच्या उपचारासाठी तारा बसवलेल्या होत्या, आणि त्यांना टिनिटसही होता. ब्रिटनमधल्या न्यूकॅसलचे विल्यम सेडली आणि आयोवाचे फिलिप गँडर यांच्या गटाने त्यांना ठरावीक आवाज ऐकवून त्यांचा टिनिटस काही क्षण दबवला आणि थेट मेंदूतूनच नोंद घेतली. दिसलं असं की तो आवाज श्रवणकेंद्राच्या बहुतेक भागात आणि त्याबाहेरही दूरवर पसरलेला होता. तेवढ्याच मोठ्या खऱ्या आवाजाने मात्र एका लहान जागीच हालचाल झाली. 'लक्ष देऊ नका हो' असा सल्ला द्यायला आपण किती मोकळे असतो! आम्हीही दिला होता.

मामूंना कुणी काही शिकवलं नव्हतं. जहाजावर इंजिनाचा आवाज म्हणजे सगळं ठीक चाललंय, तो थांबला की घाबरायचं. त्यांच्या मेंदूने तो आवाज कधी धोक्याच्या यादीत घातलाच नाही. अम्मीचा आवाज आला तो अब्बांच्या इंतकालानंतर चार महिन्यांनी, रिकाम्या खोलीत, रात्रीच्या वेळी. तो कुठल्या यादीत गेला असेल ते सांगायला स्कॅन नको.

आता उपायांचं, थोडक्यात. आवाज मुळापासून घालवणारी गोळी आजमितीला सिद्ध झालेली नाही. जिंको बिलोबाच्या महागड्या कॅप्सूल सर्रास दिल्या जातात, त्यांचा उपयोग चांगल्या चाचण्यांत दिसलेला नाही. लसणाचं तेल कानात घालू नका, कातडी भाजते. ऐकणं कमी असेल तर श्रवणयंत्राचा फायदा अनेकांना होतो, कारण मेंदूला त्याची हरवलेली बातमी परत मिळते. झोपताना पंखा, पावसाचं रेकॉर्डिंग, मंद रेडिओ असा हलका आवाज ठेवावा, आतला आवाज पुरता बुडेल इतका मोठा नाही. सर्वांत भक्कम पुरावा आहे तो कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी या समुपदेशनाचा. तिने आवाज लहान होत नाही, त्याचा जाच कमी होतो. अम्मीला 'मानसोपचार' हा शब्द ऐकून राग आला होता. स्कॅनच्या गोष्टी सांगितल्यावर गेला. धोक्याची घंटा मेंदूत आहे तर ती उतरवायचं शिक्षणही मेंदूलाच द्यावं लागणार, हे तिला पटलं.

एमआरआयची गरज प्रत्येकाला नसते. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शनात चार प्रसंग सांगितले आहेत: आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, दोन्ही कानांच्या ऐकण्यात फरक असेल, किंवा चेहरा वाकडा होणं, हातापायात बळ नसणं असं दुसरं काही लक्षण असेल, तरच स्कॅन करावा. आणि एका कानाने अचानक, तासा-दोन तासांत किंवा एका रात्रीत ऐकू येईनासं झालं, तर थांबू नका. त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा, कारण त्यावरचं औषध पहिल्या काही दिवसांतच लागू पडण्याची आशा असते. एखादं औषध सुरू केल्यावर कान वाजू लागला तर डॉक्टरांना जरूर सांगा, पण औषध आपल्या मनाने बंद करू नका.

अम्मी आता डाव्या कानात यंत्र घालते. फजरनंतर मामूंबरोबर पुलापर्यंत चालून येते. समुपदेशनाच्या दहा बैठका झाल्या, दोन तिने बुडवल्या. आवाज आहे तसाच आहे. पावसाळा तिला मानवतो, पत्र्यावर सरी कोसळत असल्या की बाकी काही ऐकू येत नाही. थंडीतल्या रात्री अजूनही जड जातात, त्यातल्या दोन-तीन तिने यंदाही स्वयंपाकघरात काढल्या. तेव्हा आमच्यापैकी कुणीतरी उठून चहा टाकतं आणि सोबत बसतं.

परवा मामू आलेले असताना रात्री लाइट गेली. पंखा थांबला, फ्रीज थांबला, घर एकदम गप्प झालं. आम्ही सगळे अंधारात अम्मीच्या दिशेने बघत राहिलो.

"आहे, आहे," ती म्हणाली. "भाई, तुमचं?"

"चालू आहे, फुल स्पीड."

"बरं. मग आता कुणीतरी मेणबत्ती शोधा."